करपायच्या अलीकडे

"काय करपायलंय गं?"

दुपारची झोप मोडून आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी होती. चष्मा अजून हातातच. ओव्हनमध्ये केक होता. पंचवीस मिनिटं झाली होती, दहा राहिली होती. मी म्हटलं, "काही करपलं नाही आई. केकचा वास आहे. कोको आहे त्यात, अन् कॉफी." तिनं मान जरा वर करून पुन्हा एकदा वास ओढून घेतला. शेंगदाणे भाजताना 'उतरवा आता' म्हणून ओसरीतून ओरडणारं नाक ते. "करपलं नसंल," ती म्हणाली, "पर करपायच्या अलीकडंच आहे हे." मग माठातलं पाणी प्याली आणि बाहेर जाऊन बसली.

ती सहज बोलून गेली. मी मात्र ओव्हनच्या काचेसमोर पाटावर बसून राहिले. आत काळपट पीठ मधोमध फुगत होतं, कडेनं घट्ट होत आलं होतं. घरभर सुटलेल्या त्या वासाला मी इतके दिवस नुसतं 'चॉकलेटचा वास' म्हणत होते. आईनं चॉकलेट कधी हौसेनं खाल्लेलं नाही, पण त्या वासाची नेमकी जागा तिनं सांगितली होती.

भाजणं हा आपल्या स्वयंपाकातला फार ऐसपैस शब्द आहे. भाकरी भाजायची, वांगं भाजायचं, रवा भाजायचा, दाणे, पापड, मिरच्या भाजायच्या, आणि थालिपिठाच्या पिठाचं तर नावच भाजणी. पण प्रत्येकाचं भाजणं निराळं. वांगं वरून पार कोळसा झालं तरी चालतं, आतला गर धुरकट व्हायला तेच हवं असतं. रव्याचा रंग हलू द्यायचा नाही, वास तेवढा बदलला पाहिजे. बेसनाला घाई चालत नाही. जवस तडतडायला लागले की कढई खाली. आणि सगळ्यांत अवघड कारळ. ते मुळातच काळं, त्यामुळे भाजलं गेलं की नाही हे डोळ्यांना कळायचा प्रश्नच नाही. आमच्याकडे कारळ भाजायला बसलेल्या बाईशी कुणी बोलत नसे. ती सराट्यानं हलवत राहायची, नाकानं ऐकत राहायची म्हटलं तरी चालेल, आणि एका क्षणी कढई उतरवायची. खमंग आणि करपट यांच्यामध्ये फार तर अर्धं मिनिट असतं. त्या अर्ध्या मिनिटावर आमच्या घरातल्या बायकांची सगळी पत होती.

चॉकलेटच्या केकचं कारळासारखंच आहे. साधा केक सोनेरी झाला की झाला. हा आत घालतानाच काळा, बाहेर काढतानाही काळा. घड्याळ मदत करतं, विणायची सुई खुपसून बघता येते, पण खरं सांगतो तो वासच. आधी नुसता गोड, ओलसर वास येतो. मग तो जड होतो. मग एक क्षण असा येतो की त्याला कड येते, भाजलेल्या दाण्यासारखी. तेव्हा दार उघडायचं.

भाजताना हा रंग आणि वास कुठून येतो, हे लुई कामी मेयार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली पहिल्यांदा मांडलं. साखर आणि प्रथिनांतली अमायनो आम्लं उष्णतेत एकमेकांना भेटली की तपकिरी रंग आणि शेकडो नवे वास जन्माला येतात. ज्वारीच्या भाकरीवरचे तांबूस डाग, खव्याचा रंग, बिस्किटाची कड, सगळी त्याच एका भेटीची रूपं. मला हे वाचल्यावर फार बरं वाटलं होतं. आपली भाकरी आणि परदेशातला केक एका घरातले निघाले, असं काहीतरी.

कोकोची बी झाडावरच्या फळातून काढली तर तिला चॉकलेटचा वास नसतो. पांढऱ्या चिकट गरासकट तिचे ढीग घालतात, केळीच्या पानांनी झाकून पाच-सहा दिवस आंबवतात, उन्हात वाळवतात आणि मग भाजतात. त्या भाजण्यातून चॉकलेट वर येतं. कॉफीचंही तसंच. हिरवी बी हुंगली तर वाळल्या गवताची आठवण यावी. तापत गेली की ती तपकिरी होते आणि दोनशे अंशांच्या आसपास तडतडायला लागते, नागपंचमीला खापरात ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी. म्हणजे कोको आणि कॉफी एका भांड्यात आणायची म्हणजे दोन भाजलेल्या गोष्टींना पुन्हा एकदा आचेला लावायचं. आईला करपल्यासारखं वाटलं यात तिची काय चूक?

आमच्या लहानपणी देगलूरमध्ये 'चाकलेट' होतं, चॉकलेट नव्हतं. कागदात गुंडाळलेलं जे काही गोड असेल ते चाकलेट. संत्र्याची गोळी चाकलेट, पेपरमिंट चाकलेट, दुधाची मऊ वडी चाकलेट. शाळेत पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की चाकलेट मिळायचं, आणि आम्हा मराठवाड्यातल्या मुलांना १७ सप्टेंबरलाही मिळायचं. १९४८ साली त्या दिवशी हैदराबाद संस्थान भारतात आलं हे आम्हाला चाकलेटमुळे पक्कं पाठ झालं होतं. खरं, काळं, तोंडात हळूहळू विरघळणारं चॉकलेट मी पहिल्यांदा खाल्लं ते हैदराबादहून आलेल्या मामांनी आणलं तेव्हा. प्रवासात वितळून पुन्हा गोठलेलं, वर पांढरट बुरशीसारखे डाग आलेलं. आजीनं ते बघूनच टाकून द्यायला सांगितलं होतं. आता मला ठाऊक आहे की ती बुरशी नव्हती. चॉकलेटमधलं कोको बटर वितळून पुन्हा वेडंवाकडं गोठलं की ते असं पांढरं होऊन वर येतं. तेव्हा आम्ही भावंडांनी ते माळवदावर जाऊन लपून खाल्लं होतं. मला ते गोड वाटलं नव्हतं, कडू वाटलं होतं. आणि तरी आणखी हवं होतं.

कॉफीची गोष्ट निराळी. घर चहाचं. कर्नाटकाची हद्द आमच्या तालुक्याला लागून आहे, पण हाणेगावच्या पलीकडची ती बाजूही चहाचीच. कॉफीचे डोंगर तिथून पार खाली, चिकमगळूरकडे. येमेनहून सात बिया आणून बाबा बुडन यांनी त्या डोंगरात लावल्या, अशी गोष्ट त्या भागात सांगतात. आमच्या घरात कॉफी यायची ती पाहुण्यांसाठी, आजाऱ्यांसाठी आणि परीक्षेसाठी. फळीवर मागे ठेवलेला छोटा डबा, त्यातली पूड नेहमी थोडी गोळा झालेली. दूध उकळायचं, साखर, पूड, आणि वरून जायफळ किसायचं. जायफळाशिवाय कॉफी होते हे मला कॉलेजात नांदेडला गेल्यावर कळलं. अजूनही चॉकलेटच्या केकमध्ये मी नखभर जायफळ किसून घालते. पाककृतीत ते कुठंच नसतं. पण कॉफी आहे तिथं ते नसलं तर मला घर चुकल्यासारखं वाटतं.

भाजण्याबद्दल लिहायला बसले आणि भट्टी आठवली नाही, असं होणार नाही.

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस गावातल्या बेकरीची भट्टी घरगुती बिस्किटांसाठी मोकळी असायची. सामान आपलं, भट्टी त्यांची, किलोमागे भाजायचे पैसे ठरलेले. हे १९८० च्या आसपासचं सांगते आहे. आदल्या दिवशी मैदा चाळून ठेवायचा, साखर दळून आणायची. डालड्याचा पिवळा डबा, ताडाचं झाड असलेला, किलोचा. संध्याकाळी आई आणि काकू परातीत डालडा आणि पिठीसाखर घेऊन बसायच्या आणि तळहातानं फेसायच्या. अर्धा-पाऊण तास. आधी ते पिवळट, खरखरीत असायचं. मग पांढरं व्हायचं, मग पांढरंशुभ्र, मग असं हलकं की त्यातलं बोराएवढं काढून वाटीतल्या पाण्यात सोडलं तर तरंगायचं. तरंगलं की काकू म्हणायची, "झालं." बुडालं तर पुन्हा हात. मी आज लोणी आणि साखर बीटरनं फेटते तेव्हाही सवयीनं वाटीत पाणी घेऊन बसते.

रात्री जेवणं उरकून भट्टीवर जायचं. आत गेलं की आधी अमोनियाचा झणझणीत वास नाकात जायचा, बिस्किटं खुसखुशीत करायला तो घालतात, मग त्यामागून भाजल्या साखरेचा. भट्टी म्हणजे विटांची बुटकी खोलीच. आत लाकडं पेटवून ती तापवायची, निखारे एका अंगाला ओढायचे, ओलं पोतं फिरवून तळ पुसायचा. भट्टीवाले चाचा चिमूटभर मैदा आत भिरकावायचे आणि वाकून बघायचे. तो लगेच काळा पडला तर थांबायचं. हळूहळू बदामी झाला तर पत्रे आत. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं एकेक पत्रा कोपऱ्यापर्यंत सरकवायचे. त्यांना थर्मामीटर ठाऊक नव्हता. हातभर आत वाकून गालाला जी धग लागायची, तेच त्यांचं माप.

बाहेर डब्यांची रांग. डब्यांवर खडूनं नावं. मराठी बायका, तेलुगू बोलणाऱ्या कोमट्यांच्या घरच्या, लिंगायतांच्या, मोमिनपुऱ्यातल्या, सगळ्या एकाच भिंतीला टेकून बसलेल्या, कारण ती भिंत भट्टीची, दिवाळीच्या गारव्यात ऊबदार. कुणाच्या पिठात रवा जास्त, कुणाचं तूप घरचं, यावर चार भाषांतून चर्चा. देगलूरची ही खासियत. इथून थोडं पुढं गेलं की तेलंगण, थोडं वळलं की कर्नाटक, त्यामुळे बाजारात एकाच वाक्यात तीन भाषा येतात आणि कुणाला अडत नाही. उशीर झाला की आई अस्वस्थ व्हायची आणि चाचा आतूनच म्हणायचे, "फिकर नक्को करो अम्मा, इसके बाद तुमाराच पत्रा है."

एका वर्षी आमचा एक पत्रा मागं राहून गेला. बाहेर आला तेव्हा बिस्किटं बदामी नव्हती, गडद तपकिरी होती, कडा तर काळपटच. चाचांचा चेहरा उतरला. आई काही बोलली नाही. तिनं ती बिस्किटं वेगळ्या डब्यात भरली आणि म्हणाली, "ही आपल्याला. चांगली पाहुण्याला." दिवाळीभर आम्ही ती खाल्ली. बाकीची सगळी नुसती गोड होती. यांना गोडामागून एक कडवटपणा होता, तो जिभेच्या मागच्या बाजूला बराच वेळ राहायचा, आणि त्यामुळेच दुसरं बिस्किट उचलावंसं वाटायचं. माळवदावरच्या त्या चॉकलेटची चव मला तेव्हा पुन्हा सापडली होती. हे आईला मी कधी सांगितलं नाही. तिला वाईट वाटलं असतं, आपल्या पोरीला करपलेलं आवडतं म्हणून.

हैदराबादहून येणारी बिस्किटं म्हणजे उस्मानिया. नाव सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अलींच्या नावावरचं. किंचित खारट, तोंडात ठेवली की विरघळणारी. आजोबांना ती फार आवडायची. निजामाचं राज्य त्यांना आवडत नव्हतं, बिस्किट आवडायचं. चहात बुडवून खाताना ते काही बोलत नसत.

घरात केक आला तो वाळूतून. जर्मनच्या मोठ्या भगुण्यात धुतलेली, चाळलेली वाळू घालायची, ती तापवायची, वर पिठाचं भांडं ठेवायचं, झाकण, आणि झाकणावर निखारे. म्हणजे खालून आच, वरून आच. नंतर कुकर आला. शिट्टी काढून, रिंग काढून, तळाला मीठ घालून. त्या केकला मधोमध नेहमी एक खड्डा पडायचा आणि आम्ही तिथं साय भरायचो. ओव्हन फार उशिरा आला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागायच्या दोन दिवस आधी माझी मुलगी पुण्याहून घरी आली. पुढचे कित्येक महिने ती इथंच होती. त्या दिवसांत सगळ्या जगासारखी तिनंही 'डालगोना' कॉफी केली. कॉफी, साखर आणि गरम पाणी फेटून फेटून पिवळसर फेस करायचा आणि गार दुधावर सोडायचा. आई बघत होती. "हे तर आम्ही करायचो की," ती म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या मित्रांसाठी. कपात चमच्यानं. हात मोडायचा." डालगोना हे मुळात कोरियातल्या एका मिठाईचं नाव. साखर वितळवून, तपकिरी होऊ देऊन, त्यात सोडा टाकून फुलवलेली. म्हणजे तीही करपायच्या अलीकडचीच.

मुलीनं पहिल्या पगारातून ओव्हन घेतला, शिकली, मला शिकवलं आणि पुन्हा पुण्याला गेली. ओव्हन राहिला. तो चालू केला की आतला पिवळा दिवा लागतो. संध्याकाळी शाळेतून आल्यावर घर फार शांत असतं, आणि त्या दिव्यासमोर बसायला मला आवडतं.

या भाजण्यानं मला एका बाबतीत फार नमवलं, ते मापाच्या. आईच्या घरात धान्याला पायली, शेर, मापटं, चिपटं, आणि स्वयंपाकाला हात. मूठ, चिमूट, ओंजळ. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याचं प्रमाण घराघरांत गेलं, तरी आईचा हात तसाच राहिला. केक मात्र ग्रॅम मागतो. दीडशे ग्रॅम मैदा, पन्नास कोको, दोनशे साखर. वाटीभर दही, अर्धी वाटी तेल, चमचाभर सोडा. शेवटी पाऊण वाटी उकळत्या पाण्यात दोन चमचे कॉफी विरघळवून ती तशीच गरम ओतायची. ओतली की पीठ एकदम सैल होतं, भीती वाटावी इतकं. आमच्या घरी अंडं शिजत नाही, म्हणून सगळी मदार दह्याच्या आंबटपणावर आणि सोड्यावर. कोकोचेही दोन प्रकार असतात. एक तांबूस, किंचित आंबट. दुसरा क्षारात धुतलेला, काळाभोर आणि सौम्य, ज्याला डच म्हणतात. सोड्याशी जुळतो तो पहिला. काळ्या रंगाला भुलून मी बरेच दिवस दुसरा वापरला आणि केक बसका का होतो म्हणून हळहळले.

कॉफी घातली तरी केकला कॉफीची चव येत नाही, हे मला फार गोड वाटतं. दोन चमच्यांत ती स्वतः दिसत नाही. कोकोला मात्र अशी खोली देते की नुसत्या पाण्याचा आणि कॉफीचा असे दोन केक शेजारी ठेवले तर कुणीही डोळे मिटून सांगेल. भाजलेल्याला भाजलेलं उचलून धरतं. आमटीत काळा मसाला असतो तसं. तो वेगळा लागला तर चुकलं, आणि नसला तर आमटी नव्हेच.

आता उन्हाळ्याचं. कोको बटर चौतीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तर चॉकलेट जिभेवर विरतं. पण एप्रिल-मेमध्ये देगलूर चाळिशीच्या वर असतं. म्हणजे आमच्याकडे चॉकलेट जिभेपर्यंत जायची वाटच बघत नाही. नांदेडहून एस.टी.नं मागवलेली लादी स्टँडवर उतरवून घ्यायला जावं तर पिशवीत नुसता लगदा. मग मी युक्ती शिकले. पहाटेच्या गाडीनं मागवायची, ओल्या फडक्यातल्या स्टीलच्या डब्यात आणायची, घरी आल्यावर माठाशेजारी. फ्रिजमधून काढताना मात्र जपायचं. त्यावर दव धरतं, आणि वितळत्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब गेला की ते क्षणात आखडून त्याचं रवाळ ढेकूळ होतं. आच सोसतं, थेंब सोसत नाही. दुकानात मिळणारं 'कंपाउंड' या सगळ्याला पुरून उरतं, कारण त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तूप असतं. गावोगावच्या केक करणाऱ्या बायकांचा संसार त्यावर उभा आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण घरच्यासाठी मी खरंच आणते. ब्राऊनीचा वरचा पापुद्रा तडकला की मला वैशाखातलं आमचं काळं रान दिसतं, भेगाळलेलं, वर चकाकी आलेलं.

गेल्या डिसेंबरात मुलीचा वाढदिवस होता. ती येणार होती. रात्री मी गनाश करायला घेतलं. म्हशीच्या दुधाची साय फेटून, गाळून, कढत करून चॉकलेटच्या तुकड्यांवर ओतली. दोन मिनिटं हात लावायचा नसतो, मग मधून बाहेर हळूहळू ढवळायचं. ढवळलं, आणि ते फाटलं. चॉकलेट खाली गोळा, वर तुपाचे डोळे तरंगताहेत. घरच्या सायीला स्निग्धांश जास्त, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. रात्रीचे दहा वाजून गेलेले, घरात दुसरं चॉकलेट नाही. मी तशीच भांडं धरून उभी होते.

आई पाणी प्यायला आली. भांड्यात डोकावली. चॉकलेटचं तिला काही ठाऊक नाही, पण फाटलेलं ओळखायला चॉकलेट कशाला कळायला हवं? तिनं बोट बुडवलं, अंगठ्यानं चोळून बघितलं. "तूप सुटलंय याला," ती म्हणाली. "घट्ट झालंय म्हणून सुटलंय. कोमट दूध दे."

"किती?"

"दे तू."

मी दूध दिलं. तिनं माझ्या हातातून सराटा घेतला, पळीनं थेंब थेंब दूध सोडत एकाच अंगानं, भांड्याच्या मधोमध, लहान लहान गोल फिरवत राहिली. बांगड्यांचा बारीक आवाज तेवढा येत होता. आधी काही होईना. ते अधिकच विखुरल्यासारखं दिसायला लागलं. मी म्हटलं, "राहू दे आई." ती ऐकत नव्हती, बघतही नव्हती भांड्यात. तिचं लक्ष मनगटाकडं असावं. मग मधोमध रुपयाएवढा एक डाग चमकला. तो वाढत गेला, वाटीएवढा, बशीएवढा, आणि कडेपर्यंत सगळं काळंभोर, आरशासारखं झालं. त्यात वरचा बल्ब दिसत होता. तिनं सराटा काठावर निथळला आणि बोटावर आलेलं चाटलं.

"कडू आहे," ती म्हणाली. जरा थांबून पुन्हा बोट लावलं. "पर खमंग आहे."

कोको आणि कॉफी एकत्र येतात असं आणखी एक, इटलीतलं तिरामिसू, मुलीनं आग्रह केला म्हणून एकदा केलं. ट्रेव्हिसो नावाच्या गावातलं ते, फार जुनंही नाही, १९७० च्या आसपासचं. नावाचा अर्थ 'मला उचल', म्हणजे मरगळ घालव. त्याला मस्कार्पोने नावाचं चीज लागतं, ते इथं कुठून आणायचं? मी रात्रभर टांगून चक्का केला, त्यात साय आणि साखर फेटली. बिस्किटांच्या जागी बेकरीतला टोस्ट, जायफळ घातलेल्या कडक कॉफीत क्षणभर बुडवून. थरावर थर, वर कोको भुरभुरवला. इटलीतल्या माणसानं याला काय म्हटलं असतं देव जाणे. आमच्या घरी त्याला 'टोस्टचं श्रीखंड' म्हणतात आणि गुढीपाडव्याला ते करायची रीत पडते आहे. सकाळी कडुनिंबाची गोळी, दुपारी हे.

टोस्टवरून आठवलं. ती जुनी भट्टी आता नाही. चाचाही नाहीत. तिथं मोबाईलचं दुकान आहे. परवा दुकानात गेले तेव्हा उगीचच मागच्या भिंतीला तळहात लावून बघितला.

केक कापला की आधी गल्लीत वाट्या जातात. वाटी रिकामी परत करायची नाही, हा इथला नियम, त्यामुळे माझ्या केकच्या बदल्यात काय काय येतं! समोरच्यांकडून सकिनालू, संक्रांतीचे तेलंगणी, तिळाचे, कडक. कोपऱ्यावरच्या आपांकडून शिरखुर्मा. चातुर्मासात एका घरून दोन केळी आणि तुळशीचं पान. पहिल्यांदा शेजारच्या मावशींना केक दिला तेव्हा त्यांनी एक तुकडा खाल्ला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि विचारलं, "यात कारळ घातलंस का गं?" मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. "काहीतरी भाजून घातलंय तू," म्हणाल्या.

काल पुन्हा केक केला. ओव्हनवर अजून चार मिनिटं दिसत होती, आणि ओसरीतून आईचा आवाज आला, "काढ आता." मी सुई घालून बघितली. कोरडी आली. मी बटण बंद केलं आणि केक जाळीवर काढून ठेवला.

संध्याकाळी मावशींच्या नातवाच्या हाती वाटी पाठवली होती. रात्री ती परत आली, स्टीलच्या ताटलीनं झाकलेली. ताटली उचलली. आत कारळाची चटणी होती, काळी, ओबडधोबड कुटलेली, लसणाचे तुकडे दिसणारी. वाटी अजून कोमट होती. आई आतून म्हणाली, "नुकतंच भाजलंय."

मी भाकरी वाढून घेतली.